लताबाईंच्या साक्षीतले वीस सेकंद

५ जानेवारी, रविवार

नव्या वर्षाची पहिली उपासना. माणसं एकोणतीस, त्यात सहा लेकरं. पाळकसाहेब म्हणाले, यवतच्या या पत्र्याच्या शेडमध्ये एकोणतीसच बसणार, मोबाइलवर मात्र जग बसतं. मंडळीचं चॅनेल सुरू करायचं ठरलं. गाणी, प्रवचनं आणि साक्षी, म्हणजे प्रभूनं काय केलं ते ज्याचं त्यानं उठून सांगणं. करणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मेडिकलमध्ये दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो म्हणजे मला सगळं येतं, असा समज. नाही म्हणालो नाही. खरं तर बरं वाटलं. इतकी वर्षं मंडळीत माझ्याकडं सतरंज्या आणि हजेरीवही, एवढंच.

घरी येताना विमलनं बायकोच्या हक्कानं सुनावलं, "आधी शिका, मग मान डोलवा."

८ जानेवारी, बुधवार

शेजारच्या रफिकभाईंनी दुपारी शिकवलं. त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, माझ्या मेडिकलला लागून. चौदा वर्षांचा शेजार. "मागचं कापायचं, फुडचं कापायचं, मधलं गोड तेवढं ठेवायचं. लोकांना धीर न्हाई, दयानंदभाऊ." सोपं आहे. बोटानं ओढलं की कापलं जातं.

रविवारचं प्रवचन टाकलं. पाहणारे अकरा. त्यातले चार आमच्याच घरातले.

१२ जानेवारी, रविवार

आज लताबाईंनी साक्ष दिली. कासुर्डीच्या. घरची शेती, गुऱ्हाळ. बाप्तिस्मा वगैरे काही नाही. घरी देवघर आहे, तेही करतात, आणि दीड वर्षापासून रविवारी जीपनं इथंही येतात. कधी उठून बोलल्या नव्हत्या. आज आपणहून उठल्या. मोबाइल स्टँडवर चालूच होता.

त्या बोलल्या ते जसंच्या तसं:

"मला फिट यायच्या. येकदा गुऱ्हाळात काहिलीच्या काठाला आली. रस उकळत हुता. जाऊबाईनं मागं वढलं म्हनून वाचले. डाक्टरनं गोळ्या दिल्या हुत्या, पन मी घ्यायची न्हाई. वाटायचं, रोज गोळी गिळायची म्हंजी मी येडीच ठरले. मग हितं आले. समद्यांनी डोक्यावर हात ठिवला, लई रडले. धीर आला. तवापासनं येक गोळी चुकवली न्हाई. दीड वर्स झालं, येक बी फिट न्हाई. येशूनं केलं."

आणि पुन्हा रडल्या. सगळेच रडले. मीही.

१३ जानेवारी, सोमवार

पाळकसाहेबांचा (पा. सा.) निरोप: लताबाईंची साक्ष एका मिनिटाच्या आत बसवा, लांब कोणी बघत नाही. मूळ एक मिनिट वीस सेकंद.

रडणं कापून पाहिलं. जीव गेला त्यातला. काहिलीचं कापून पाहिलं. तेच तर माणसाला धरून ठेवतं. उरलं गोळ्यांचं. ते जरा रटाळच होतं. दोन ठिकाणी कापलं. बरोब्बर वीस सेकंद निघाले. सांधा कळतसुद्धा नाही. वर नाव दिलं: 'मिरगी कायमची गेली! अद्भुत साक्ष'.

'कायमची' हा शब्द माझा.

गोळ्या त्या दर महिन्याला माझ्याच काउंटरवरून नेतात. कापताना हात थांबला होता का? थांबला होता. लिहून ठेवतो. थांबला होता, आणि मग पुढं गेला.

१६ जानेवारी, गुरुवार

हजारांत गेला! सकाळी दुकान उघडेपर्यंत दोन हजार, दुपारी पाच. लातूर, जालना, मुंबई, कुठून कुठून माणसं लिहितात. पा. सा. यांचे तीन फोन. "दयानंदभाऊ, तुमच्या हाताला यश आहे." खाली येईल त्या प्रत्येकाला मंडळीच्या नावानं 'आमेन' आणि जोडलेले हात पाठवतोय. अंगठा दुखायला लागला.

एका गिऱ्हाईकाला सकाळची गोळी आणि संध्याकाळची गोळी उलट सांगितली. त्यानं परत येऊन विचारलं म्हणून बरं.

१९ जानेवारी, रविवार

विमल आज घरी आल्यावर बोलली. "प्रार्थनेत डोळे मिटून बसला होता, पण खिशात अंगठा चालला होता."

खोटं नाही. पापांची कबुली म्हणताना माझ्या डोक्यात आकडा होता.

आज लताबाई आल्या नाहीत. कोणाला विशेष वाटलं नाही. मलाही नाही.

२२ जानेवारी, बुधवार

आजचं लिहून ठेवलं पाहिजे.

दुपारी दुकानात कोणी नव्हतं म्हणून प्रतिक्रिया वरपासून वाचत बसलो. पहिल्यांदाच नीट वाचल्या. सहा दिवसांपूर्वीची एक:

'ताई तुमची साक्ष ऐकली खूप रडले. विश्वासाने कालपासून माझ्या लेकीच्या गोळ्या बंद केल्या. तिच्यासाठी प्रार्थना करा.'

त्याखाली मंडळीच्या नावानं उत्तर. म्हणजे माझं. 'आमेन' आणि जोडलेले हात.

फिटच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. हे मी कितीदा लोकांना काउंटरवरून वाकून सांगितलंय. एकदम तोडल्या तर आधीपेक्षा वाईट झटका येतो, आणि कधी कधी तो थांबतच नाही.

म्हणजे सात दिवस झाले.

लगेच तिथंच लिहिलं: ताई, गोळ्या आजच सुरू करा, डॉक्टरांना दाखवा, व्हिडिओ अपुरा आहे, चूक माझी आहे. फोन नंबर दिला. तिचं नाव म्हणून नुसती दोन अक्षरं, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. उत्तर नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

उत्तर नाही. आणखी दोनदा लिहिलं.

विमलला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली. "मूळ व्हिडिओ दाखवा," म्हणाली. पूर्ण पाहिला. मग टाकलेला पाहिला. एवढंच म्हणाली, "अहो, त्या बाईनं देवाचे आभार गोळी घ्यायची बुद्धी दिली म्हणून मानले होते."

हे मला कापताना कळलं नव्हतं. मला वाटलं होतं साक्ष ठेवली आणि फापटपसारा काढला. साक्षच काढली होती.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी दुकानासमोर मोटारसायकल थांबली. लताबाईंचे थोरले दीर, आप्पा. कधी बोलणं नव्हतं, तोंडओळख. काउंटरवर दोन्ही हात टेकवून उभे राहिले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं गेलं असतं.

"गावातल्या पोरांच्या मोबाइलवर आमच्या घरची बाई रडती. खाली लिवलंय मिरगी. पावनं फोन करून इचारत्यात, बाटली का तुमची सून? ती तुमच्याकडं येती, आमी कवा आडवलं?"

"नाही, आप्पा."

"तिला इचारलं हुतं का, टाकू का म्हनून?"

"नाही."

"तिचं रडनं तिचं हुतं. चार मान्सांत बसून रडली. तुमी ते बाजारात मांडलं. आन् ती म्हनती, गोळ्यांचं मी सांगितलं हुतं, ते कुठं गेलं?"

मी सांगितलं. मी कापलं म्हणून. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागच्या औषधांच्या कपाटाकडं पाहिलं.

"आत्ता काढा. माझ्याम्होरं."

काढणारच होतो. पण व्हिडिओ काढला की त्याखालचं सगळं जातं. ती बाईही जाते, तिला लिहिलेलं उत्तरही जातं. तिला गाठायला दुसरा धागा नाही. मोबाइल त्यांच्या हातात दिला. आप्पांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. बराच वेळ लागला. मग स्टुलावर बसले.

"हिचा पत्ता?"

"नाही."

"कितवा दिस?"

"नववा."

पाणी दिलं, प्यायले. उठताना म्हणाले, "उद्या सांजच्यापातूर थांबतो. हिला हुडका आधी." आणि मोटारसायकलवर बसल्यावर, "लता आता यायची न्हाई रविवारी. आमी न्हाई म्हनलो म्हनून न्हव. तिलाच तोंड दाखवू वाटंना."

२५ जानेवारी, शनिवार

रफिकभाईंनी दोन तास दुकान सोडून माझ्याबरोबर डोकं घातलं. जास्वंदीच्या फुलावर दाबलं की तिचं पान उघडतं. त्यावर एकच व्हिडिओ, गेल्या वर्षीचा. शाळेचं गॅदरिंग, आठ मुली नाचतायत, डोक्यावर छोट्या घागरी. मागं कापडी बोर्ड, अर्धा दुमडलेला. रफिकभाईंनी थांबवून मोठं केलं. '...षद शाळा, निमोणे, ता. शिरूर'.

"सापडलं की हो," म्हणाले. माझ्या डोळ्यात पाणी आलं.

तिची प्रतिक्रिया आणि तिचं पान फोटो काढून ठेवलं. मग व्हिडिओ काढून टाकला. आप्पांना फोन केला. "बरं," म्हणाले, ठेवला.

काढल्यावर रफिकभाईंनी नुसतं शोधून पाहिलं. आणखी दोन ठिकाणी तोच व्हिडिओ, दुसऱ्याच कुणाच्या नावानं, वर संगीत चढवलेलं. आम्ही तक्रार टाकली. रफिकभाई म्हणाले, "ऊस गाळला, भाऊ. रस परत कांड्यात जात न्हाई. पन रस्त्यावर सांडल्याला तरी पुसायचा."

उद्या सव्वीस जानेवारी. शाळेत झेंडावंदन, आईबाप येणार. आणि उद्याच रविवार.

पा. सा. यांना कळवलं, उपासनेला नाही. का म्हणून विचारलं. आल्यावर सांगतो म्हणालो.

२६ जानेवारी, रविवार

पहाटे निघालो. विमल पाठीमागं बसली, मी नको म्हणालो तरी. चौफुल्यावरून पारगाव, भीमा ओलांडली, न्हावरा, मग निमोणे. उसाच्या ट्रॉल्यांमागं थंडीत हात गारठले.

झेंडावंदन सुरू व्हायच्या आत पोचलो. मैदानात आया बसलेल्या, डोक्यावर पदर, काहींच्या हातात मोबाइल. त्यांतली एक ती असणार. मी प्रत्येकीचं तोंड पाहत होतो, आणि विमलनं कोपर मारलं, "असं बघू नका."

मुख्याध्यापकबाईंना बाजूला बोलावून सांगितलं. पन्नाशीच्या, शांत. मी म्हणालो, माइकवर दोन मिनिटं द्या, नाव न घेता सांगतो.

त्या म्हणाल्या, "नाव न घेता? गाव केवढं आहे बघा. तुम्ही 'फिट' म्हणालात की सगळी पोरं वळून कोणाकडं बघतील, तुम्हाला ठाऊक आहे?"

पुन्हा तेच करायला निघालो होतो.

"कोणत्या मुलींना त्रास आहे तेवढं सांगा," मी म्हणालो.

"तेही नाही सांगणार. मी गुपचूप चौकशी करते. नंबर द्या."

गावातल्या मेडिकलवाल्याकडं गेलो. माझ्याहून तरुण माणूस. मीही मेडिकलवाला म्हणून ओळख दिली. फिटच्या गोळ्या नेणारी एखादी आई, गेल्या महिन्यात आली, या महिन्यात नाही, अशी कोणी? त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुमच्या दुकानात येऊन असं कोणी विचारलं तर तुम्ही सांगाल?"

नाही सांगणार. अठ्ठावीस वर्षांत एकदाही सांगितलेलं नाही. नवऱ्याचं बायकोला नाही, बायकोचं नवऱ्याला नाही. दुकानात कडक. आणि चॅनेलवर माझ्याच गिऱ्हाईक लताबाईंचं दुखणं हजारोंना.

तो म्हणाला, "पण मी बघतो. कोणी थांबलं असेल तर माझ्या परीनं सांगतो."

परतताना पारगावच्या पुलाजवळ थांबलो. प्रार्थना विमलनं केली.

२७ जानेवारी, सोमवार

पा. सा. घरी आले. सगळं सांगितलं. ते माझ्याहून सतरा वर्षांनी लहान, पोटापाण्यासाठी पोरांच्या शिकवण्या घेतात, मनानं चांगले. आधी म्हणाले, "आपण कोणाला गोळ्या बंद करा असं म्हणालो नाही."

"नाही म्हणालो. पण 'गोळी चुकवली नाही' म्हणणाऱ्या बाईला आपण गप्प केलं."

"तुम्ही मला विचारलं असतं तर?"

"तर तुम्ही थांबवलं असतं?"

चहाचा कप न पिताच खाली ठेवला. मग म्हणाले, "माहीत नाही, दयानंदभाऊ. आकडे बघून मलाही काहीतरी चढलं होतं. प्रवचन लिहिताना मी ऐकणाऱ्यांचा विचार करायचा सोडला, बघणाऱ्यांचा करायला लागलो."

मी म्हणालो, येत्या रविवारी मला उभं राहून सांगायचंय, आणि तेच चॅनेलवर टाकायचंय. त्याला मात्र ते घाबरले. दिवस कसे आहेत तुम्हाला ठाऊक आहे, कोणीतरी तेवढंच कापून फिरवेल, बघा ख्रिस्ती लोक कसे फसवतात म्हणून. मंडळीतली बायामाणसं आहेत, लेकरं आहेत.

ही भीती खोटी नाही.

पण ती बाई अजूनही मोबाइल बघत असेल. दुसरीकडं कुठं सांगू तिला?

३१ जानेवारी, शुक्रवार

निमोण्याहून काही नाही. फोन वाजला की आधी नंबर बघतो. वाजला नाही तरी.

पा. सा. यांचा निरोप: सांगा. मी तुमच्या शेजारी उभा राहतो.

२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. लताबाईंचं नाव, गाव घेतलं नाही. काय कापलं, का कापलं, 'आमेन' कसं न वाचता लिहिलं, सगळं. पा. सा. शेजारी उभे होते, माझं झाल्यावर म्हणाले, "मिनिटाच्या आत बसवा असं सांगणारा मी." हे ते बोलणार होते, मला माहीत नव्हतं.

प्रार्थना करा आणि गोळ्याही घ्या, दोन्ही देवाच्याच हातातलं, असं शेवटी म्हणालो. साधं वाक्य. एवढ्यासाठी एवढं सगळं.

साडेपाच मिनिटांचा व्हिडिओ. मधे मी खोकलोय, एकदा शब्द विसरलोय, मागं कुणाचं तरी लेकरू रडतंय. तसाच टाकला.

नंतर म्हातारे येशुदासमामा म्हणाले, "लेका, हे आपल्यातच बोलायचं. जगाला कशाला?" दोन घरांतली माणसं न बोलता गेली.

९ फेब्रुवारी, रविवार

पाहणारे एकेचाळीस. जास्वंदीचं फूल त्यात आहे की नाही, कळायला मार्ग नाही.

त्या दोन ठिकाणांपैकी एकानं जुना व्हिडिओ काढला. दुसरीकडं आहे, आणि वाढतोय. रोज सकाळी दुकान उघडलं की त्याखाली जाऊन लिहितो: मी हा व्हिडिओ कापणारा माणूस, गोळ्या बंद करू नका. ते लोक पुसून टाकतात. मी पुन्हा लिहितो. रफिकभाई म्हणतात, शटर वर केलं की यांची पूजा असती.

ती दोन घरं आज आली नाहीत. सतरंज्या दोन कमी घातल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

निमोण्याच्या मुख्याध्यापकबाईंचा फोन. हातातलं सोडून मागच्या खोलीत गेलो.

"माझ्या माहितीत दोन मुली आहेत," म्हणाल्या. "दोघींच्या घरी जाऊन आले, दुसरंच निमित्त काढून. दोघी मुली ठीक आहेत. शाळेत येतात. गोळ्या चालू आहेत म्हणाल्या दोन्ही आया."

देवा, म्हणालो. मोठ्यानं.

मग म्हणाल्या, "एका आईनं उत्तर द्यायला वेळ घेतला, भाऊ. माझ्याकडं नाही, जमिनीकडं बघून बोलली. मी जास्त ताणलं नाही. ताणलं असतं तर दार बंद झालं असतं. जात राहीन मी."

"आणि या दोघींशिवाय कोणी असेल तर?"

"असू शकेल. लोक लपवतात. मुलीची जात, पुढं लग्न व्हायचं असतं."

धन्यवाद म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुमचा तो व्हिडिओ पाहिला मी. साडेपाच मिनिटं."

काउंटरवर आलो तेव्हा गिऱ्हाईक निघून गेलं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

चॅनेलचं काय करायचं, यावर बैठक. येशुदासमामा म्हणाले, बंद करा. चालू ठेवा, पण कोणाचीही साक्ष त्या माणसाला पूर्ण दाखवून, विचारूनच टाका, असं विमल म्हणाली. बैठकीत ती पहिल्यांदाच बोलली. तसं ठरलं. काम माझ्याकडं नको म्हणालो. पा. सा. म्हणाले, "तुमच्याकडंच हवं. आता तुमचा हात थांबेल."

थांबेलच, असं मला स्वतःला सांगता येत नाही. विचार करतो म्हणालो.

३ मार्च, सोमवार

दुपारी लताबाई आल्या. गेल्या महिन्याच्या गोळ्या आप्पांनीच नेल्या, तेही केडगावहून. आज स्वतः. एकट्या.

"लताबाई, माझं चुकलं," म्हणालो.

"आप्पा बोलले मला समदं," म्हणाल्या. चिठ्ठी काउंटरवर ठेवली. मी गोळ्या काढल्या, मोजल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या. आधी कधी मोजत नव्हत्या.

पिशवीत टाकून जायला वळल्या, मग थांबल्या.

"त्या बाईचं कळलं का काई?"

"नक्की नाही."

"नाव?"

"माहीत नाही."

"आन् पोरगी? केवढी हाय?"

"तेही नाही, लताबाई. त्या व्हिडिओत आठ मुली नाचतायत. त्यातली एक असेल. नसेलही."

त्यांनी तो व्हिडिओ दाखवा म्हटलं. दाखवला. काउंटरला रेलून दोघांनी पाहिला. घागरी घेतलेल्या आठ पोरी, गिरक्या घेताना एक अडखळते आणि हसते. संपल्यावर म्हणाल्या, "पुन्यांदा लावा."

दुसऱ्यांदा पाहताना त्या बोटानं एकेका मुलीवर थांबत होत्या आणि ओठ हलत होते. आठही जणींवर. मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मी ही प्रार्थना घरी करती आता," म्हणाल्या. "भांडी घासताना. नाव ठावं नसलं तरी चालतं न्हवं?"

"चालतं," मी म्हणालो.